हुतूतूची रेघ आणि अमेरिकेतला फुटबॉल



मागच्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, अमेरिकेतला फुटबॉल हातात धरून का पळतात?" घरच्या मोबाईलवर त्याने सामना पाहिला होता. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली. रात्री वाचत बसले, त्यातून एका तासिकेचा पाठच तयार झाला. तोच इथे देते.

हा खेळ तिकडच्या कॉलेजांनी घडवला. 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, एकेका बाजूला 25 जण! तेव्हा चेंडू हातात घेऊन पळायला बंदीच होती. ते नंतर रग्बीतून आलं. पुढे धक्काबुक्की इतकी वाढली की 1905 च्या एका हंगामात किमान 18 खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घेतलं. 1906 मध्ये नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. खेळ मैदानभर पसरला, एकाच जागी ढीग करून एकमेकांवर तुटून पडणं कमी झालं.

मुलांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एक मुलगी म्हणाली, "नियम कसा बदलणार बाई? तो तर असतोच ना!"

म्हणून मी हुतूतूकडे वळले. आमच्या झाईत ओहोटी लागली की पोरं ओल्या वाळूवर काठीने रेघ मारतात आणि सुरू. त्यांना वाटतं, हा खेळ आकाशातून पडला. तसं नाही. अमरावतीत 1914 मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच आजचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या संस्थेच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं. पदक वगैरे नव्हतं, पण जगाने खेळ पाहिला. 1938 मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत तो आला, 1961 मध्ये विद्यापीठांच्या स्पर्धांत आणि 1962 मध्ये शालेय स्पर्धांत. म्हणजे अमेरिकेत खेळ कॉलेजातून बाहेर पडला, आपला आखाड्यातून निघून कॉलेजात शिरला.

आता पाठाचा खरा भाग. पूर्वी हुतूतूचे तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आजची कबड्डी याच वळणाची. अमरमध्ये तर कुणी बाहेर जातच नाही, फक्त समोरच्यांना गुण मिळतो.

हे तिन्ही मी मैदानावर खेळून घेतले. कारण सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, अंगाने बारीक, दम अपुरा. ती दरवेळी पहिली बाद होते आणि तासभर कडेला बसून वाळूत बोटं फिरवते. खेळाचा तास, पण तिच्या वाट्याला खेळ दोन मिनिटांचा! हे मला इतक्या वर्षांत खटकलं नव्हतं, खरं सांगते.

अमर खेळलो तेव्हा ती पूर्ण वेळ आत होती. एकदा तिने पायही पकडला, आणि सोडला नाही. पण तिचा संघ हरला आणि पोरं भांडायला लागली: "हिच्यामुळे गुण गेले, हे बरोबर नाही बाई!" मी मध्ये पडले नाही. म्हटलं, आवडत नसेल तर तुम्हीच नियम करा.

वीस मिनिटं कलकल झाली. गणिताच्या तासातली दहा मिनिटं त्यात गेली, तेही कबूल करते. शेवटी ठरलं की बाद झालेल्याने बाहेर बसायचं, पण तीन चढाया मोजून परत आत यायचं. चढाया मोजायच्या कुणी, यावर पुन्हा वाद. ते काम बाहेर बसलेल्यानेच करायचं, असं त्याच मुलीने सुचवलं.

नियम वहीत लिहून झाला, खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शुक्रवारी ओहोटी शाळा सुटायच्या सुमारास आहे, तेव्हा खेळून बघणार आहोत.