झाकलेला शॉट

चि. भाचीस,


आजीच्या पापडांवरची तुझी फिल्म काल उघडून पाहिली. टाइमलाइनवर एकोणीस क्लिप्स फिकट दिसल्या. तू त्या काढल्या नाहीस, नुसत्या 'डिसेबल' करून ठेवल्यास. त्याबद्दल हे पत्र.

दोन टेकमधून एक निवडायचा असेल तर झाकून पाहणं उत्तम. दोन्ही एकावर एक ठेवायचे. तुझ्या दाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये 'डी' दाबलं की वरचा झाकला जातो, खालचा दिसतो. पण शॉट हवा की नको, हे झाकून कळत नाही. क्लिप बंद केली तरी तिची वेळ तिथेच राहते. आजी लाटणं खाली ठेवते, मग सहा सेकंद काळा पडदा, मग एकदम अंगणातलं ऊन. लाटणं आणि ऊन यांची गाठ तू अजून पाहिलेलीच नाहीस. दोन कडा भिडल्याशिवाय लय समजत नाही गं.

म्हणून टाइमलाइनची प्रत काढ, नावात तारीख घाल आणि प्रतीतून त्या क्लिप्स खरोखर काढून टाक. तुझ्या विंडोजवर 'बॅकस्पेस'ने जागा रिकामी राहते, 'डिलीट'ने पुढचं सगळं मागे सरकतं. तुला 'डिलीट' हवं. मग आवाज चित्राशी जुळतोय ना, ते तपास. घाबरू नकोस, डिस्कवरच्या मूळ फाइलला धक्का लागत नाही.

आम्ही 35 मिलिमीटरची फिल्म कापायचो, तेव्हा झाकायची सोयच नव्हती. सेकंदाला 24 फ्रेम, फुटात 16. म्हणजे सहा सेकंदांचा शॉट नऊ फुटांचा. तो कापून, तुकडे टांगायच्या 'बिन'वरच्या खिळ्याला टांगायचा, उरलेल्या कडा टेपने जोडायच्या आणि बघायचं. चुकलं तर टांगलेला तुकडा उतरवून परत लावायचा. तुझी जुनी टाइमलाइन म्हणजे तोच खिळा समज.

त्या एकोणीसपैकी बऱ्याच शॉट्समध्ये आजी नुसती हसते आहे. ते काढताना तुझा हात का थांबला, हे मला समजतं. ती माझी आई आहे. ते शॉट्स वेगळ्या टाइमलाइनवर लाव, दिवाळीत सगळे मिळून पाहू. फिल्ममध्ये मात्र तिचं एकच हसू ठेव, शेवटचा पापड वाळत घातल्यावरचं. ते उठून दिसेल.

नवी प्रत झाली की पाठव. वाट पाहतो.

तुझा,
मामा