लाकडी खोक्याचा पासपोर्ट

मशीन डिझाइनच्या पेपरात आपण शाफ्टचा टॉलरन्स मायक्रॉनमध्ये काढतो. पण तो शाफ्ट ज्या लाकडी खोक्यातून परदेशी जातो, त्या खोक्यावर कुणी एका मार्काचाही प्रश्न विचारत नाही. गेल्या सुट्टीत इन-प्लांट ट्रेनिंगला जाईपर्यंत मलाही यातलं काही माहीत नव्हतं.

कारखाना छोटा होता. तिथून पंपाचे सुटे भाग ऑस्ट्रेलियाला जायचे. मी असतानाच एक कंटेनर तिकडच्या बंदरात अडकला. माल चोख, कागदपत्रं पूर्ण, पॅलेटवर शिक्केही होते. मग अडलं कुठे? तर खोकी हलू नयेत म्हणून कंटेनरमध्ये खाली दोन पाचरी ठोकल्या होत्या. शेडबाहेर पडलेल्या ओंडक्यातून कापलेल्या, सालीसकट! पाचरी काढून नष्ट करेपर्यंत माल थांबला आणि रोजचं भाडं चढत गेलं. इकडे सगळी बोलणी बसली पॅकिंगच्या सुतारकाकांना. ते मला एवढंच म्हणाले, "खोक्याला शिक्का लागतो हे माहीत होतं गं. पाचरीलाही लागतो, हे कुणी सांगितलं का?"

म्हणून मी हा नियम नीट वाचून काढला.

नियम आला कुठून?

१९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मेपलच्या झाडांना मोठमोठी भोकं पडलेली दिसली. काम होतं लांब शिंगांच्या एका आशियाई भुंगेऱ्याचं. त्याची अळी खोडाच्या आत राहून लाकूड पोखरते, त्यामुळे वरून फवारणी करून भागत नाही. तो चीनमधून आलेल्या मालाच्या कच्च्या लाकडी पॅकिंगमधून आला असं मानतात. पुढे हजारो झाडं तोडावी लागली. पॅकिंगचं लाकूड सहसा हलक्या प्रतीचं, आणि एकच पॅलेट कितीतरी देश फिरतं. कीड फुकटात जगप्रवास करते! म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली आयएसपीएम-१५ हे मानक आलं.

५६ अंश, पण कुठे?

नियमाचा गाभा एका ओळीचा आहे : लाकडाच्या गाभ्यासकट सगळीकडे किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. इथेच आपला हीट ट्रान्सफरचा विषय कामाला येतो. चेंबरमधली हवा ७० अंशांवर गेली म्हणजे लाकडाचा गाभा तापला असं नाही. लाकूड उष्णतेचं मंद वाहक आहे. जाडी दुप्पट केली की गाभा तापायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून तापमानाचा प्रोब सर्वांत जाड तुकड्यात भोक पाडून मध्यापर्यंत घालतात, आणि तोही चेंबरच्या सर्वांत थंड कोपऱ्यात. तो ५६ ला पोचला की घड्याळ सुरू. मध्येच ५५ झाला? परत पहिल्यापासून ३० मिनिटं.

दुसरा मार्ग मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचा. त्यात किमान २४ तास लागतात आणि साल आधीच काढावी लागते, कारण सालीमुळे वायू आत नीट शिरत नाही. पण हा वायू ओझोनच्या थराला मारक आहे, म्हणून शक्य तिथे दुसरी मान्य पद्धत घ्यावी असं मानकच सुचवतं. मायक्रोवेव्हसारखी पद्धत आणि सल्फ्युरिल फ्लोराइड हेही पर्याय आता मान्य आहेत. पद्धत कुठलीही असो, साल काढायलाच हवी. सालीचा तुकडा ३ सेंटिमीटरपेक्षा अरुंद असेल तर चालतो. रुंद असेल तर त्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटरच्या आत हवं.

शिक्का काय सांगतो?

शिक्क्यात गव्हाच्या कणसाचं चिन्ह, देशाचा कोड (आपला 'आयएन'), ट्रीटमेंट करणाऱ्याचा नंबर आणि पद्धतीचा कोड असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड. शिक्का हाताने काढलेला चालत नाही. लाल-नारिंगी रंग टाळायचा, कारण ते धोकादायक मालाच्या लेबलांचे रंग आहेत. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाने मान्यता दिलेल्या केंद्रांनाच करता येतं.

शिक्क्याला एक्स्पायरी डेट नाही. पण पॅलेट दुरुस्त केलं तर नवीन फळीही ट्रीट केलेलीच हवी, आणि तिच्यावर वेगळा शिक्का हवा. एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलला तर जुने शिक्के पुसून सगळं पहिल्यापासून.

सूट कशाला?

प्लायवुड, पार्टिकल बोर्ड यांना सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबातून जातात. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड, भुसा, लाकडी लोकर यांनाही सूट आहे. पाचर, ठोकळा, टेकू यांना मात्र नाही. आकार लहान म्हणून अळी काही सवलत मागत नाही!

शेवटी एवढंच

कारखान्यात हे सगळे नियम होते. पण ते इंग्रजीत, आणि ऑफिसच्या फायलीत. काकांपर्यंत ते कधी पोचलेच नव्हते. शेवटच्या आठवड्यात मी एका कार्डबोर्डवर मराठीत लिहिलं : 'कंटेनरमध्ये जाणारं प्रत्येक लाकूड शिक्क्याचं. पाचरसुद्धा. साल दिसली तर थांबा.' माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे दोन ऱ्हस्व-दीर्घ काकांनी सुधारले. मग त्यांनीच खिळे मारून तो बोर्ड शेडच्या दारावर लावला. बाजूला शिक्क्याच्या लाकडाच्या पाचरींची एक पेटी भरून ठेवली.

उद्या आपल्यातलेच काहीजण डिस्पॅचच्या कागदावर सही करणार आहेत. सही करण्याआधी एकदा कंटेनरमध्ये वाकून बघा, आणि त्याही आधी पॅकिंग करणाऱ्याला नियम सांगितलाय का ते स्वतःला विचारा.