चिखलातलं चाक आणि माझी ओरल

टी. ई.च्या ओरलला एक्स्टर्नलनी मला एकच प्रश्न विचारला. "मागचं एक चाक चिखलात गरगर फिरतंय, दुसरं कोरड्यावर गप्प उभं आहे. कुणाला किती टॉर्क?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "सगळा फिरणाऱ्याला सर, उभ्याला शून्य." सर हसले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "नेक्स्ट." बाहेर सगळी बॅच माझ्या बाजूने. सगळ्यांनी हेच उत्तर दिलं असतं!

ते चुकलं कुठे, हे मला जुलैत कळलं. गगनबावड्याजवळ, घोट्यापर्यंत चिखलात.

रूममेटच्या गावी भातलावणीला (खरं तर जेवायला) गेलो होतो. रविवारी संध्याकाळी त्याच्या काकांच्या जुन्या जीपमधून शेवटची एसटी गाठायला निघालो. सोमवारी सकाळी नऊला कॅम्पस इंटरव्ह्यू! वाटेत बैलगाडीला जागा देताना जीपचं डावं मागचं चाक कडेच्या चिखलात उतरलं. काकांनी रेस दिली. डावं चाक फिरतंय, उजवं दगडावर ढिम्म. पुढच्या चाकांना ड्राइव्हच नव्हता.

आता मेसचं मोठं पातेलं आठवा. काठीच्या बरोब्बर मध्ये ते अडकवलंय आणि दोन टोकं दोघांच्या खांद्यावर आहेत. एकाचे गुडघे वाकायला लागले, तर दुसरा पैलवान असून उपयोग काय? काठी तिरकी होते, पातेलं तिथंच. डिफरन्शिअलमधला स्पायडर पिनियन म्हणजे ही काठी. तो दोन्ही साइड गिअरना सारखाच रेटा देतो, मग चाकांचे वेग काहीही असोत. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावावं म्हणूनच ही सोय केलेली आहे. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने 1827 मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, दोघांना सारखाच, आणि दोघांनाही जवळजवळ काहीच नाही!

आकडे मी धरलेले आहेत, पण हिशोब खरा आहे. मागच्या प्रत्येक चाकावर 500 किलो भार. चिखलात घर्षण 0.1, म्हणजे रेटा 50 किलो. दगडावर 0.6, म्हणजे 300 पर्यंत मिळू शकतो. पण डावीकडे 50 च्या पुढे टॉर्क चढतच नाही, म्हणून उजवीकडेही 50. एकूण 100. खड्ड्यातून निघायला समजा 200 लागतात. इंजिन कितीही मोठं असू दे, उत्तर 100 च.

रूममेट म्हणाला, "हँडब्रेक थोडा ओढून रेस द्या." कुठेतरी वाचलेलं. समजा ब्रेक प्रत्येक चाकाला 60 किलोचा विरोध करतो. डावीकडे 50 अधिक 60, एकूण 110. म्हणून उजवीकडेही 110 पोचले, पण त्यातले 60 तिथलाच ब्रेक खाणार. उरले पुन्हा 50! जीप हलली नाही हे सांगायला नकोच.

तेवढ्यात मागून एक मामा ट्रॅक्टर घेऊन आले. जीपला वळसा घालून तोच चिखल त्यांनी आरामात पार केला. मध्ये ट्रॅक्टरचं एक चाक फिरायला लागलं तेव्हा ते थांबले, टाचेने सीटखालचा पेडल दाबला, हळू क्लच सोडला आणि बाहेर. हाच डिफरन्शिअल लॉक. दोन्ही चाकं एकमेकांना दातांनी जखडली जातात. आता सारखा असतो तो वेग, टॉर्क नव्हे. ज्याची जेवढी पकड तेवढा त्याने घ्यावा. आमच्या जीपला तो असता तर 50 अधिक 300, एकूण 350. (थांबून दाबणं महत्त्वाचं. चाक जोरात फिरत असताना दाबलात तर दात तुटतील.)

लिमिटेड-स्लिप या दोन्हींच्या मधला. टॉर्सेन जातीचा गिअरवाला घ्या. तो पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या समजा अडीच पट टॉर्क देऊ शकतो. म्हणजे 50 अधिक 125, एकूण 175. तरी जीप अडकलेलीच! पण इथे रूममेटची युक्ती चालते. डावीकडे ब्रेकसकट 110, त्याचे अडीच पट 275, त्यातून ब्रेकचे 60 वजा, उरले 215. डावीकडचे 50 धरून 265. सुटलो. मात्र चाक पूर्ण हवेत असेल आणि ब्रेक नसेल तर शून्याच्या अडीच पट शून्यच. क्लच प्लेटवाल्यात स्प्रिंगचा दाब आधीपासून असतो, म्हणून तिथे थोडं तरी मिळतं.

हे ऐकून काका म्हणाले, "मग लॉकच बसवून टाकू, कायमचा." मी म्हटलं, "काका, पावसात करूळ घाट उतरताय ना?" ओल्या वळणावर साध्या डिफरन्शिअलचं एक चाक सुटलं तरी दुसरं सहसा शांत फिरतं आणि गाडीची मागची बाजू धरून ठेवतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू दरीकडे. म्हणून लॉक हवा तो गरजेपुरता. फोर्स गुरखामध्ये तो हाताने लावतात. 2020 च्या थारच्या काही मॉडेलमध्ये दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की तो आपोआप लागतो, पण गाडी जोरात असताना लागत नाही.

हे सगळं मी चिखलात काटकीने लिहीत होतो. मामा बघत होते. म्हणाले, "पावनं, पेपर झाला असंल तर त्या फिरणाऱ्या चाकाखाली पोतं घाला की." घातलं. हिशोब बघा, डावीकडचे 50 चे 125 झाले की उजवीकडेही 125. कमजोर चाकाला मिळालेला प्रत्येक किलो दोनदा मोजला जातो! एकूण 250. जीप एका झटक्यात वर.

एसटी मिळाली. पोतं मात्र चिंध्या होऊन चाकाखालून निघालं. मामांनी पैसे घेतले नाहीत, "दिवाळीला येताना नवं घिऊन या" म्हणाले. ते अजून द्यायचं राहिलंय.