नवी जीवविद्या व दूरदृष्टि

तहान लागल्यावर विहीर खणणें शहाणपणाचें नव्हे, हें सर्वच जाणतात. परंतु नवीन शोधांच्या बाबतींत हें तत्त्व फार क्वचित् पाळलें जातें. एखादें यंत्र बिघडलें तर तें थांबवितां येतें. सजीवाचें तसें नाहीं. जंतु, कीटक व वनस्पति यांची संख्या आपोआप वाढते, आणि एकदां बाहेर गेलेला जीव परत बोलावितां येत नाहीं. म्हणून सजीवांच्या घडणींत हेतुपूर्वक फरक करणारी जी जीव-अभियांत्रिकी नांवाची विद्या, तिच्या लाभांचा व अपायांचा विचार आधींच झाला पाहिजे. असा विचार पूर्वीं कसा झाला व कोठें अपुरा पडला, हें प्रस्तुत लेखांत पाहूं.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नांवाचें एक लांब सूत्र असतें. त्यांतील चार घटकांच्या क्रमांत त्या जीवाच्या घडणीचा आराखडा सांठविलेला असतो. या सूत्राची दुहेरी मळसूत्री रचना वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं मांडली. पुढें १९७२ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत पॉल बर्ग यांनीं दोन भिन्न विषाणूंचें डीएनए एकत्र जोडून दाखविलें. त्यांपैकीं एक विषाणु माकडांत आढळणारा असून, त्याच्यामुळें प्रयोगशाळेंतील उंदरासारख्या प्राण्यांत गांठी उत्पन्न होतात. हें डीएनए मनुष्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या जंतूच्या जातींत घालण्याचा बेत होता. असा जंतु बाहेर पसरला तर काय, अशी शंका निघतांच बर्ग यांनीं तो बेत स्थगित केला.

१९७४ सालीं बर्ग व त्यांचे सहकारी यांनीं जाहीर पत्र लिहून, अशा कांहीं प्रयोगांस सर्वांनीं स्वेच्छेनें विराम द्यावा, अशी विनंति केली. फेब्रुवारी १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांतील असिलोमार येथें सुमारें १४० जणांची परिषद भरली. तेथें ठरलें तें असें : सर्व प्रयोग सारखे धोक्याचे नाहींत, धोका जितका अधिक, तितका बंदोबस्त कडक असावा, आणि केवळ भिंतींवर विसंबून न राहतां, प्रयोगशाळेबाहेर जगूंच शकणार नाहींत असे दुर्बळ जंतु वापरावे. या विचारावर आधारलेले सरकारी नियम अमेरिकेंत १९७६ सालीं निघाले.

या सावधगिरीनें शास्त्राची वाढ खुंटली काय? मुळींच नाहीं. १९७८ सालीं जंतूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेण्यांत आलें, व १९८२ सालीं तें औषध म्हणून मान्य झालें. तोंपर्यंत मधुमेहाच्या रोग्यांस डुकरांच्या व गाईबैलांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या इन्सुलिनवर अवलंबून राहावें लागे.

तथापि असिलोमारची दृष्टि मुख्यतः अपघातापुरती होती. बुद्धिपुरस्सर दुरुपयोग व मानवी वंशांत करावयाचे फेरफार हे प्रश्न बाजूस राहिले. शिवाय भिंतींआड पाळावयाचे नियम निराळे व शेताच्या बांधावर पाळावयाचे निराळे. याचें उदाहरण आपल्या विदर्भांतच आहे.

बोंडअळीस मारक असें द्रव्य निर्माण करणारा, मातींतील एका जंतूचा गुण कापसांत घालून बीटी कापूस तयार झाला. भारत सरकारनें त्यास २००२ सालीं परवानगी दिली. आरंभीं फवारणी कमी झाली व शेतकऱ्यास लाभ झाला. परंतु असंख्य अळ्यांत एखादी तरी त्या विषास न जुमानणारी निघते, व इतर सर्व मेल्यावर तिचीच प्रजा वाढते, हें शास्त्रज्ञांस ठाऊक होतें. म्हणून शेताच्या कडेनें साध्या कापसाच्या ओळी लावाव्या, तेथें विषास बळी पडणारे कीटक जिवंत राहावे, व त्यांच्या संकरानें ती प्रतिकारशक्ति पातळ व्हावी, असा नियम घालण्यांत आला. त्यासाठीं साधें बियाणेंही सोबत मिळे. पण ज्याची जमीनच थोडी, त्यानें अळीला खाऊं घालण्यासाठीं पीक कां लावावें? बहुतेकांनीं तें लावलें नाहीं. कापूस दीर्घकाळ शेतांत उभा राहिल्यानेंही अळीचें फावलें. २०१० सालीं गुजरातेंत पहिल्या बीटी वाणास दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचें जाहीर झालें. आणि २०१७ सालीं, सुधारलेला दुसरा वाण असूनही, विदर्भांत तिनें मोठा नाश केला. संकट अगोदर ओळखलें होतें, उपायही ठाऊक होता; मात्र त्या उपायाचा भार कोणावर पडेल व तो त्याला कसा पेलवेल, याचा विचार अपुरा होता.

आजचे प्रश्न याहून मोठे आहेत. डूडना व शार्पेंतिए यांनीं २०१२ सालीं दाखविलेल्या क्रिस्पर या साधनानें डीएनए हव्या त्या ठिकाणीं कापतां येतें. त्यावर आधारलेल्या सिकलसेल रोगाच्या उपचारास २०२३ सालीं ब्रिटन व अमेरिका येथें मान्यता मिळाली. नंदुरबार व विदर्भ येथील आदिवासी बांधवांत हा रोग पुष्कळ आहे. पण अमेरिकेंत या उपचाराची किंमत २२ लक्ष डॉलर ठरली! उलट, २०१८ सालीं चीनमधील एका संशोधकानें याच साधनानें गर्भांत फरक केल्याचें जाहीर केलें, तेव्हां जगभर निषेध झाला व पुढें त्यास तुरुंगवास घडला. डिसेंबर २०२४ मध्यें ३८ शास्त्रज्ञांनीं पुन्हां तसाच इशारा दिला : आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें उलट घडणीचे जंतु निर्माण करूं नयेत, कारण प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ति त्यांस कदाचित् ओळखणार नाहीं. असा जंतु अद्याप कोणीं घडविलेला नसतांना हा विचार झाला, हें सुचिन्ह होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें प्रयोगशाळेंत जातील, कोणी शेती करतील, कोणी कायदे करतील. नवा शोध पुढें येईल तेव्हां इतकें अवश्य विचारा : लाभ कोणास, अपाय कोणास, चूक झाल्यास ती परत घेतां येईल काय, आणि सावधगिरीचा खर्च कोण सोसणार? यांपैकीं शेवटचा प्रश्न विसरल्यास काय होतें, तें विदर्भाच्या कापसानें आपणांस शिकविलें आहे.