भातशेतांतील लांडगा कोळी : ओळख व समागमाची रीत

भाताच्या चिखलांत पाय ठेवतांच चुडाच्या बुंध्यापासून पाण्यावरून धांवत सुटणारा करडा कोळी आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. हा शिकारीसाठीं जाळें विणीत नाहीं, भक्ष्यावर झडप घालतो. म्हणून यास लांडगा कोळी म्हणतात. तुडतुडे व खोडकिड्याचे पतंग हें याचें अन्न असून एक कोळी दिवसाकाठीं ५ ते १५ भक्ष्यें मारतो. फवारणीचा विचार करतांना आपण किडी मोजतों, कोळी मात्र मोजीत नाहीं.

कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय, यास आठ. लांडगा कोळ्याची खरी खूण म्हणजे त्याच्या डोळ्यांची मांडणी होय : पुढें चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन मोठे डोळे व त्यांच्या मागें आणखी दोन. रात्रीं विजेची बत्ती आपल्या डोळ्यांजवळ धरून बांधावर उजेड टाकल्यास हे डोळे चमकतात. दंवाच्या थेंबांशीं घोटाळा होतो खरा, परंतु थेंब पळत नाहीं.

नर ओळखणें सोपें आहे. तोंडाशेजारीं पायांसारखे दोन आखूड अवयव असतात. यांस स्पर्शपाद म्हणूं. मादीचे स्पर्शपाद सडपातळ, तर वयांत आलेल्या नराचे टोंकाशीं मुद्गरासारखे फुगलेले असतात. हा फुगवटा समागमाच्या कामीं येतो. नर प्रथम एक इवलें जाळें विणून त्यावर वीर्याचा थेंब सोडतो व पिचकारी भरावी तसा तो स्पर्शपादांत शोषून घेतो. नंतर मादीनें वाटेंत सोडलेल्या धाग्यावरून तो तिचा माग काढतो, आणि जवळ येतांच स्पर्शपाद व पुढचे पाय हालवून खुणा करूं लागतो. खुणा पटल्या नाहींत तर तो स्वतःच भक्ष्य व्हावयाचा! तथापि मादी नरास नेहमींच खाते हा समज खोटा आहे. पुष्कळ नर सुखरूप निसटतात.

पुढें मादी अंड्यांची गोल पिशवी विणून ती पोटाच्या टोंकास चिकटवून वागविते. पिशवींतून ६० ते ८० पिल्लें निघतात व कांहीं दिवस आईच्या पाठीवर राहतात. म्हणजे पिशवीवाली एक मादी औषधानें मेली कीं एक सबंध वेत गेलें. तपकिरी तुडतुड्याचीं अंडीं मात्र पानाच्या आवरणांत सुरक्षित राहतात, आणि तीं फुटतात तेव्हां शेतांत खाणारा कोणी उरलेला नसतो. १९७० नंतरच्या दशकांत आशियांतील भातशेतांत तुडतुड्यांचे जे मोठे उठाव झाले, त्यांचें हें एक प्रमुख कारण ठरलें.

याकरितां पाहणीच्या वहींत तुडतुड्यांच्या आंकड्याशेजारीं कोळ्यांचा व पिशवीवाल्या माद्यांचा आंकडाही लिहावा. पीक कापल्यावर हे कोळी बांधावरील गवताच्या आसऱ्यास जातात. तें गवत सरसकट जाळूं नये.