‘म’ची ओळख : बालकाच्या बोटांतून पवित्र शास्त्राकडे

शास्त्रवाचन : अनुवाद ६:४-९, मत्तय ५:१३, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१७



पवित्र शास्त्राचा परिचय तुला बालपणापासून आहे, अशी आठवण पौल तीमथ्याला करून देतो. मूळ ग्रीक वचनातील दोन शब्द येथे लक्षात घेण्यासारखे आहेत. ‘बालपण’ यासाठी आलेला ‘ब्रेफॉस’ हा शब्द तान्ह्या बाळाचा वाचक आहे. लूकने गव्हाणीतल्या बाळासाठी हाच शब्द योजला आहे (लूक २:१२). ‘पवित्र शास्त्र’ असे ज्याचे भाषांतर होते, तो शब्दप्रयोग ‘हिएरा ग्रामाता’ असा आहे. ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. पौलाला येथे संपूर्ण शास्त्रलेख अभिप्रेत आहेत यात शंका नाही. परंतु शास्त्राकडे जाणारी वाट अक्षरांवरूनच जाते, हे त्या शब्दात सुचवलेले आहे.

तीमथ्याचे घरही विचार करण्यासारखे आहे. पिता ग्रीक, माता यहूदी (प्रे. कृत्ये १६:१); गाव लुस्त्र, जेथील लोक आपल्या लुकवनी भाषेत बोलत (प्रे. कृत्ये १४:११). अशा घरात आजी लोईस व आई युनीके यांनी विश्वासाचा वारसा जपला. आज हैदराबाद, बंगळूर अशा नगरांत राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची स्थिती याहून फार निराळी नाही. मूल उपासनेत मराठी गीत गाते, आजीशी मराठी बोलते; परंतु शाळेत ते दुसरीच लिपी गिरवते. ते मोठे झाल्यावर घरातील मराठी पवित्र शास्त्र त्याच्यासाठी कपाटातील एक आदरणीय पण मुकी वस्तू होऊन राहते. हे टाळायचे असेल, तर आरंभ घरातच आणि लवकर झाला पाहिजे.

लवकर म्हणजे घाईने नव्हे. दोन-तीन वर्षांच्या बालकाने वाचावे, अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. एक अक्षर त्याच्या ओळखीचे व आवडीचे व्हावे, एवढाच आपला हेतू असावा.

ही दृष्टी नवी नाही. पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने इ. स. ४०० च्या सुमारास बेथलेहेमहून लेता नावाच्या मातेला एक पत्र लिहिले. तिच्या लहानग्या पौलासाठी लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करवून घ्यावीत, तिने त्यांच्याशी खेळावे आणि खेळता खेळता शिकावे, असे त्याने सुचवले. बालपणी अभ्यासाविषयी मनात कडवटपणा बसला तर तो पुढेही टिकतो, असा इशाराही त्याने दिला. विसाव्या शतकात मारिया मॉंटेसरी यांनी खरखरीत अक्षरांवरून बोटे फिरवण्याची पद्धत रूढ केली. १९३९ मध्ये त्या मद्रासला आल्या व येथील शिक्षकांना त्यांनी प्रशिक्षण दिले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंनी बालशिक्षण कसे करता येते, हे दाखवून दिले.

आपण ‘म’ हे अक्षर घेऊ. हा ध्वनी ओठ मिटून होतो. बाळाला तो सहज येतो आणि ‘मंमं’ मागताना ते तो उच्चारतच असते.

कृती १ : ऐकणे. एका टोपलीत मका, मटकी, मध, मणी अशा वस्तू ठेवा. एकेक वस्तू दाखवून तिचे नाव स्पष्ट उच्चारा आणि पहिल्या ध्वनीपाशी क्षणभर थांबा. मासा, मीठ, मेंढरू हे शब्द ऐकण्यास चांगले आहेत; परंतु अक्षराशी जोडी लावताना प्रथम काना-मात्रा नसलेलेच शब्द घ्या, म्हणजे आकाराचा गोंधळ होणार नाही.

कृती २ : स्पर्श. पॉलिश पेपरचा वीतभर ‘म’ कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलाची तर्जनी व मधले बोट धरून त्यावरून फिरवा : डावीकडील उभी रेघ, खाली गाठ, तेथून आडवी रेघ, उजवीकडील उभी रेघ आणि शेवटी शिरोरेघ. क्रम रोज तोच ठेवा व बोट फिरवताना ‘म’ म्हणा.

कृती ३ : मीठ. ताटात मिठाचा पातळ थर पसरा आणि त्यात बोटाने ‘म’ काढू द्या. चुकले तर ताट हलवले की झाले. खोडण्याची लाज नाही. येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली, हे दोन वाक्यांत सांगा.

कृती ४ : कणीक किंवा माती. वळ्या करून त्यांतून अक्षर जुळवा. गाठ करताना मुलाला विशेष आनंद होतो. देवाने मनुष्याला मातीपासून घडवले (उत्पत्ति २:७), ही गोष्ट सांगण्याची हीच वेळ.

कृती ५ : शोध. पंधरा दिवसांनी घरातील पवित्र शास्त्र उघडून मत्तयाच्या शुभवर्तमानाचे शीर्षक दाखवा. ‘म कुठे आहे?’ असे विचारा. मुलाचे बोट त्या अक्षरावर टेकेल, तेव्हा ते ग्रंथातील आपली पहिली ओळखीची खूण स्वतः शोधून काढील. मग मार्क, मीखा, मलाखी ही नावे आहेतच.

काही पथ्ये पाळावीत. एका वेळी दहा मिनिटे पुरेत. मूल उठून गेले तर जाऊ द्यावे. ‘भ’ हे दिसण्यात जवळचे अक्षर लगेच शेजारी ठेवू नये. प्रथम ‘हा म’ असे सांगावे, नंतर ‘म दाखव’ म्हणावे; ‘हे कोणते अक्षर?’ हा प्रश्न काही दिवसांनी विचारावा. पेन्सिलीची घाई करू नये. मणी व मटकी मुलाच्या नाकात किंवा घशात जाण्याचा धोका असतो; म्हणून मोठ्यांनी शेजारी बसावे आणि खेळ संपताच टोपली उचलून ठेवावी. मिठाचा हात डोळ्यांस लागू देऊ नये.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात वचने हातास बांधण्यास, डोळ्यांसमोर ठेवण्यास, दारावर लिहिण्यास सांगितले आहे आणि मुलांशी बसता-उठता, वाटेने चालताना त्यांविषयी बोलण्यास सांगितले आहे. हात, डोळे, दार, वाट : शिकवणीची ही सारी स्थळे घरातलीच आहेत. शब्बाथशाळेचा आठवड्यातील एक तास त्यास साहाय्य करील, पण त्याची जागा घेऊ शकणार नाही.

मननासाठी प्रश्न
१. आमच्या घरातील मराठी पवित्र शास्त्र पुढच्या पिढीत कोण वाचील?
२. लोईस व युनीके यांचे काम आमच्या घरात कोण करीत आहे?
३. आमच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांना हा खेळ लहानांबरोबर खेळण्याची संधी कशी देता येईल?