स्कॅन आणि स्लाइड जुळवणारी माणसं

प्रोस्टेटचा एमआरआय पाहून रेडिओलॉजिस्ट प्रत्येक संशयित जागेला 'पाय-रॅड्स' पद्धतीने 1 ते 5 गुण देतो. गाठ ग्रंथीच्या आतच आहे की बाहेर सरकली आहे, याचाही अंदाज बांधतो. शस्त्रक्रियेनंतर तीच ग्रंथी पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या अंदाजाची परीक्षा होते. ही जुळवणी करणाऱ्यांत डॉक्टर असतात तसे तंत्रज्ञ आणि इंजिनिअरही असतात. बारावीच्या मुलांपर्यंत ही माहिती पोहोचतच नाही.

काम अवघड आहे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी फॉर्मालिनमध्ये आकसते, आणि तिचे काप एमआरआयच्याच कोनात पडतील याची खात्री नसते. म्हणून काही संशोधन केंद्रांत त्या रुग्णाच्या एमआरआयवरून थ्रीडी प्रिंटरने साचा काढतात. त्याच्या खाचांतून सुरी चालवली की काप स्कॅनशी जुळतात. बाजू ओळखू याव्यात म्हणून ग्रंथीला बाहेरून वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात. मग स्लाइडवर कॅन्सरची ग्लीसन श्रेणी ठरते. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी 1960च्या दशकात मांडलेली ही पद्धत सुधारणांसह आजही वापरात आहे. स्कॅनवर कॅन्सर वाटलेली जागा कधी निव्वळ दाह निघते, तर कधी विरळ पसरलेला कॅन्सर स्कॅनवर उमटलेलाच नसतो. हे फरक नोंदवले जातात, म्हणून पुढच्या रुग्णाचा स्कॅन अधिक नेमका वाचता येतो.

डॉक्टर होण्याची वाट लांब आहे: नीट, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, नीट-पीजी, मग तीन वर्षांचं एमडी. रेडिओलॉजी म्हटलं की पालक खूश होतात, पॅथॉलॉजी म्हटलं की चेहरे पडतात. मला हे मुळीच पटत नाही. कॅन्सर आहे का आणि तो किती आक्रमक, याचा निकाल पॅथॉलॉजिस्टच्या सहीने लागतो. बारकाईने पाहण्यात रमणाऱ्या मुलीला या शाखेपासून परावृत्त करू नका.

नीटमध्ये गुण कमी पडले तरी याच कामात जागा आहे. पॅरॅफिनच्या ठोकळ्यातून मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढणारा हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ चुकला तर पुढचं सगळं चुकतं. त्यासाठी डीएमएलटी किंवा बीएमएलटी आहे. एमआरआयसाठी इमेजिंग टेक्नॉलॉजीची पदवी आहे. गणित आवडणाऱ्यांनी बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं. आकसलेल्या कापाचं चित्र स्कॅनवर बसवणारं सॉफ्टवेअर तेच लिहितात.

तंत्रज्ञाच्या कोर्सची फी भरण्याआधी एक चौकशी मात्र कराच: संस्थेला चालू रुग्णालय जोडलेलं आहे का आणि विद्यार्थ्यांना मायक्रोटोमवर किंवा एमआरआय कक्षात प्रत्यक्ष काम मिळतं का. उत्तर शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून घ्या.